अरवलीच्या कुशीत मुक्कामाची जागा

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला रात्रीच्या मुक्कामाची जागा सहसा शोधावी लागलेली नसते. ती त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेली असते. तोरण्यावर मेंगाई देवीचे देऊळ, हरिश्चंद्रगडावर लेणी, राजमाचीला गावातले एखादे सारवलेले अंगण. पाण्याचे टाके कोठे आहे, त्यातले पिण्याचे कोणते, हेही ठाऊक असते. पाठीवर पिशवी टाकून शनिवारच्या शेवटच्या गाडीने निघणाऱ्या पिढ्या याच माहितीच्या शिदोरीवर हिंडल्या. अशा मुलखातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली तक्रार ठरलेली असते: येथे सगळे मिळते, पण डोंगर मिळत नाही.

ही तक्रार पूर्णपणे खरी नाही. राष्ट्रपती भवन ज्या रायसीनाच्या उंचवट्यावर उभे आहे, तोही अरवलीचाच अंश आहे. गुजरातेतून निघून राजस्थान ओलांडत सुमारे सातशे किलोमीटर आलेली ही पर्वतरांग दिल्लीत येऊन, यमुनेच्या काठी वजिराबादजवळ संपते. दिल्लीकर तिला नुसते ‘रिज’ म्हणतात. जगातील अतिप्राचीन पर्वतांत तिची गणना होते. वाऱ्यापावसाने झिजून झिजून तिची उंची राहिली नाही, पण गारगोटीसारखा कठीण खडक, खुरटे रान आणि घळी शिल्लक आहेत. शहराच्या दक्षिणेस असोला-भट्टी अभयारण्य आहे, ३२.७१ चौरस किलोमीटरचे. त्याला लागूनच हरियाणातील फरिदाबाद आणि गुरुग्राम जिल्ह्यांतल्या टेकड्या सुरू होतात. रानात बिबट्या आहे, तरस आहे, कोल्हा आणि नीलगाय तर नित्याचीच. राजधानीच्या दाराशी एवढे रान असावे, ही गोष्ट मुंबईच्या बोरिवलीकरांखेरीज दुसऱ्या कोणाला सहज पटणार नाही.

मग या रानात एक रात्र काढावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. हॉटेल नको, वीज नको, रांगेत लावलेले रंगीत तंबू नकोत; फक्त सपाट जमीन, जवळ पाणी आणि वर आकाश. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत अशा मोकळ्या मुक्कामाला बहुतेक ठिकाणी मुभा आहे. साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत, पाण्यापासून काही अंतर राखून तंबू ठोकता येतो. नॉर्वेने १९५७ च्या कायद्याने हा हक्क सर्वांना दिला आणि राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहण्याची अट घातली. आपल्याकडे असा सार्वत्रिक हक्क नाही. १९२७ चा भारतीय वन अधिनियम राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास मनाई करतो, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम अभयारण्यातील प्रवेशच परवानगीवर ठेवतो. असोल्यात दिवसा पाखरे पाहावीत, फुलपाखरे मोजावीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे वनखात्याच्या सहकार्याने निसर्ग शिक्षण केंद्र चालविले, ही मराठी मनाला सुखावणारी बाब. पण सूर्यास्तानंतर तेथे तंबू ठोकणे म्हणजे गुन्हा ओढवून घेणे होय.

पहिले मुक्कामकरी

असे असले, तरी या टेकड्यांवर मुक्काम झालेच नाहीत असे नाही. उलट, मुक्कामाला जागा कशी निवडावी याचे अतिशय जुने उत्तर येथेच दगडांत लिहिलेले आहे. १९५६ मध्ये सुरजित सिन्हा यांना दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशद्वारानजीक अश्मयुगीन हत्यारे सापडली. पुढे १९८० च्या दशकात दिलीप चक्रवर्ती आणि नयनजोत लाहिरी या संशोधकांनी दिल्ली व हरियाणाच्या टेकड्या पायी पालथ्या घातल्या आणि अश्मयुगीन अवशेषांच्या चाळीसहून अधिक जागा नोंदविल्या. त्यांतले फरिदाबादजवळचे अनंगपूर हे विशेष महत्त्वाचे. येथे हातकुऱ्हाडी, तासण्या आणि त्या घडविताना उडालेल्या कपच्याही आढळल्या. म्हणजे माणूस येथून नुसता गेला नाही, बसला, काम करीत राहिला.

त्याने हीच जागा का निवडली असेल? हत्याराला लागणारा दगड पायाशीच होता. यमुनेचे पात्र त्या काळी आजच्यापेक्षा टेकड्यांच्या जवळून जात असे. पाणी होते, पाण्यावर येणारे जनावर होते, आणि उंचवट्यावरून ते दिसतही होते. पुढे तोमर राजांनी अनंगपूरजवळच दगडी बंधारा घातला आणि सूरजकुंड बांधले, तेही पाण्याचा हाच उतार ओळखून. मांगर गावच्या टेकड्यांतील खडकांच्या आसऱ्याखाली रंगविलेली चित्रे आहेत. गुराख्यांच्या ती पाहण्यात होती, २०२१ मध्ये हरियाणाच्या पुरातत्त्व विभागाने त्यांची दखल घेतली. पुढे झुकलेला खडक, त्याखाली कोरडी जमीन, समोर मोकळी घळ. आजच्या भटक्यानेही रात्रीसाठी याहून वेगळे काय मागावे?

जागेची पारख

मराठीत ‘तळ’ हा शब्द लष्करी छावणीसाठी वापरला गेला आणि तो योग्यच आहे. तळ नीट नसेल तर वरचे सगळे डळमळते. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या पानिपतावर १७६० च्या ऑक्टोबरअखेर मराठ्यांचा तळ पडला. अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली होती. १४ जानेवारी १७६१ ची लढाई होण्यापूर्वीच अडीच महिन्यांत त्या तळातले धान्य आणि वैरण संपत आली होती. दोन माणसांच्या तंबूला एवढा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण परतीची वाट मोकळी आहे का, हा प्रश्न एका रात्रीच्या मुक्कामालाही लागू आहे.

अरवलीत पाणी हीच पहिली अडचण. पावसाळा सरला की ओढे कोरडे पडतात; जोहड म्हणून ओळखली जाणारी गावतळी गुरांसाठी असतात. जुन्या खाणींच्या खड्ड्यांत निळेशार पाणी साचलेले दिसते आणि मोह होतो. पण हे खड्डे उभ्या कडांचे व फार खोल आहेत, त्यांच्या काठी मुक्काम करू नये आणि त्यांत उतरू तर मुळीच नये. माणशी चार-पाच लिटर पाणी पाठीवरूनच न्यावे. ओढ्याचे कोरडे वाळूचे पात्र अंथरुणासारखे मऊ वाटते, तेथेही झोपू नये. दूर कोठे पाऊस पडला तरी पाण्याचा लोट अंगावर येण्यास घटकाही पुरते.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार हवा जड होऊन घळीच्या तळाशी साचते. उतारावर थोडे वर, पण माथ्याच्या खाली, वाऱ्याला पाठ देऊन असलेली जागा निवडल्यास दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. दिल्लीचे धुकेही तेथे कमी भिजविते. तंबूवर वाळलेली फांदी लोंबकळत नाही ना, हे उजेडीच पाहावे. विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, हिने रिजचा मोठा भाग व्यापला आहे. तिचा काटा तंबूचा तळ आणि बुटाचा तळवा यांत भेद करीत नाही. जनावरांच्या रुळलेल्या पायवाटेवर तंबू नसावा. ती वाट त्यांची आहे आणि रात्री ती वापरात असते.

पारख येथपर्यंत. एवढे सगळे जुळले तरी एक प्रश्न उरतोच: ही जमीन कोणाची?

मांगरची बनी

दिल्ली-हरियाणा सीमेवरील मांगर गावाजवळची बनी ही या प्रश्नाची उत्तम शाळा आहे. बनी म्हणजे आपली देवराई. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या घळीत मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांचे गुर्जर फांदी तोडत नाहीत, गुरे चारत नाहीत. तोडणाऱ्यावर अरिष्ट येते अशी श्रद्धा आहे. परिणाम डोळ्यांसमोर आहे: भोवताली काटेरी खुरटे रान आणि मध्ये धौ वृक्षांचे दाट, एकसंध वन. आपल्याकडील धावड्याचा हा भाऊबंद. बारीक पानांच्या लवलवत्या डहाळ्या खडक झाकून टाकतात आणि हिवाळ्यात सारी घळ तांबूस होते.

दिल्लीजवळ इतकी सुंदर जागा दुसरी नसेल. आणि म्हणूनच तेथे तंबू नको. श्रद्धेने जे राखले त्याला कागदाचा आधार फार उशिरा लाभला. भोवतालच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि नंतर २००९ मध्ये त्यांना पायबंद घातला. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनीचे ६७७ एकर क्षेत्र आणि भोवतीचा ५०० मीटरचा पट्टा बांधकामास वर्ज्य ठरविला. पंजाब भू-संरक्षण अधिनियम १९०० सालचा. त्याच्या कलम ४ च्या विशेष आदेशांखालील जमिनी वनजमीनच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. म्हणजे ज्या उघड्या टेकडीवर कोणाचीच पाटी दिसत नाही, ती बहुधा वनच असते. शेकोटीची एक ठिणगी वाळल्या गवतात पडली, तर गावाने कित्येक पिढ्या न मोडलेली फांदी एका रात्रीत जळेल.

त्यामुळे या बाजूस मुक्काम करायचाच, तर तो रानाच्या कडेच्या गावात, मालकाच्या परवानगीने त्याच्या शेतात करावा; किंवा सोहन्याजवळ दमदमा तलावाच्या बाजूस तंबूंची व्यवस्था पाहावी. दिवस रानात, रात्र बांधावर.

उत्तरेची वाट

ज्याला रानातलीच रात्र हवी, त्याने काश्मिरी गेटहून रात्रीची बस धरावी. पहाट गढवालच्या पायथ्याशी होते. नागटिब्ब्यासारखी तीन हजार मीटरची शिखरे शनिवार-रविवारच्या सुट्टीत जमतात. मात्र तेथे ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या जागी गर्दी होते. गर्दी टाळायची तर नकाशावरील नावे वाचावीत. नावाच्या शेवटी ‘खरक’ आले, की ती गुरे घेऊन जाणाऱ्यांची उन्हाळी वस्तीची जागा. ‘छानी’ म्हणजे गोठावजा झोपडी. तेथे पाणी असते, जमीन सपाट असते आणि वारा अडलेला असतो, कारण पशुपालकांनी ती पारख केव्हाच करून ठेवलेली आहे. ऐन हंगामात मात्र त्या जागेवर पहिला हक्क त्यांचाच. गुरे वर चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर जावे.

त्याच्या वरची बुग्याले, म्हणजे हिरवीगार पठारे, यांचा मोह आवरावा लागतो. हजारो बुटांनी आणि तंबूंनी गवताचा थर उखडू लागला, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. अनेकांची हिरमोड झालेली सहल त्यामागे आहे. पण उघडी पडलेली माती ज्याने पाहिली, त्याला हा निर्णय कठोर वाटणार नाही. बुग्यालाच्या खाली, ओक आणि बुरांशच्या रानात थांबावे. ते रान सरकारी राखीव असेल तर वनखात्याच्या चौकीवर विचारावे. अनेक ठिकाणी ते वन पंचायतीचे असते. गढवाल-कुमाऊँच्या लोकांनी जंगलासाठी आंदोलने केली आणि १९३१ च्या नियमांनी गावांना आपले रान सांभाळण्याचा अधिकार मिळाला. अशा गावी सरपंच कोठे भेटतील, हे शेवटच्या चहाच्या टपरीवर कळते.

टपरीवाला आधी विचारतो, रात्री कोठे थांबणार? उत्तर ऐकून तो क्वचित मान डोलावतो. बहुधा हात वर करून दुसरीच दिशा दाखवितो, झरा आटला आहे किंवा अस्वल फिरते आहे असे सांगतो. त्याने दाखविलेली जागा नकाशावर नसते. तेथे पोहोचल्यावर गवतात जुन्या चुलीचे तीन काळे दगड दिसतात.