पाणवठा आणि जनावर : अनुमान कुठे घसरतं

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, तिथवर आलो होतो. आज तेच घेऊन मेळघाटात जाऊ.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून जनावरं मोजायची रीत आपल्या अमरावती-अकोल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. वैशाखाचं चांदणं, आटलेले नाले, खाली एकच पाणवठा. प्यायला येणारच, मोजून घ्या! आता वनविभाग त्या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतो आणि संख्येचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून व ठरलेल्या रेषांवर चालून केलेल्या मोजणीवरून घेतो. योग्यच आहे. पाणवठ्यावर दिसतात ते त्या रात्री, त्या जागी प्यायला आलेले. न येणाऱ्यांचं काय?

चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर दिवसेंदिवस काढतो. रोही, म्हणजे नीलगाय, हीसुद्धा पाण्यावाचून बरीच तग धरते; शिवाय ती जंगलापेक्षा आपल्या तुरी-हरभऱ्यातच जास्त, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं! उलट चितळ आणि गवा उन्हाळ्यात पाण्यापासून फार लांब जाऊ शकत नाहीत. म्हणजे एकाच पाणवठ्याभोवती प्रत्येक जातीचं वर्तुळ वेगळं. पावसाळ्यात ही वर्तुळं विरून जातात, कारण डबकी जागोजागी असतात आणि जनावर पांगतं. माघ-फाल्गुनानंतर सिपना, खापरा, खंडू या नद्यांची धार तुटते, डोह तेवढे उरतात, आणि जंगल जणू त्या डोहांभोवती आक्रसतं.

खरी अडचण पुढे आहे. सगळे पाण्याशी जमले की पाण्याजवळचं गवत आधी संपतं. आर. टी. लँग या अभ्यासकाने १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या पाणवठ्यांभोवती हेच पाहिलं: मध्ये तुडवलेली उघडी जमीन, आणि लांब जावं तसं वाढत जाणारं गवत. या पट्ट्याला त्याने ‘पायोस्फिअर’ असं नाव दिलं. मग जनावराची ओढाताण सुरू होते. चारा लांब, पाणी इथे, आणि वाघालाही हे माहीत! म्हणून पिण्याच्या वेळा वाटल्या जातात. चितळ उजेडात उरकतं, सांबर अंधार पडायची वाट बघतं.

म्हणजे ‘जिथे पाणी तिथे जनावर’ हा हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचारी झाला. पाणी आहे पण चारा नाही, तिथे जनावर येतं आणि निघून जातं. ते तिथे राहतं असं म्हणता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा कीस झाला. पण याच अनुमानावर दर उन्हाळ्यात टँकर धावतात. तहानलेल्या जनावराला पाणी देणं हे पुण्यच, असं आपलं मन म्हणतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही चांगल्याच हेतूने बोअर घेतले होते. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आलं, पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह. त्या भागात रोन नावाचं हरीण उंच गवतात विरळ राहत असे. १९८६ मध्ये सुमारे ४५० रोन होते, १९९३ पर्यंत सुमारे ४५ उरले. पुढे बरेच पाणवठे बंद केले, तरी रोन काही पूर्ववत झाले नाहीत. ही घट तहानेने झाली नव्हती, बरं का. पाण्यानेच घात केला.

मेळघाट म्हणजे क्रूगर नव्हे. इथे डोंगर आहेत, सागाचं पानझडी जंगल आहे, डोह आहेत. पण इथलीही एक गोष्ट बघा. बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनात अकोट तालुक्यात आली, आणि मागे राहिलेल्या शेतांवर गवताची कुरणं झाली. तिथे गवे, सांबर चरायला येऊ लागले. नवं काय मिळालं होतं? गवत.

म्हणून टँकर भरण्याआधी विचारायचं ते हे: या पाण्यापासून जनावराच्या चालीच्या टप्प्यात चारा किती आहे, आणि दोन पाणवठ्यांमध्ये कोरडा पट्टा उरतो का? रोनसारख्या विरळ राहणाऱ्या जनावरांना इतरांच्या कळपांपासून दूर अशीच जागा लागते. जागोजागी पाणी केलं, तर ती जागाच उरत नाही.