आज्ञावलीची सहज भाषा

संगणक कोणतेही काम स्वतःच्या बुद्धीने करीत नाही. करावयाच्या कामाची पायरीपायरीने मांडलेली आज्ञावली त्याला पुरवावी लागते. प्रारंभीच्या संगणकांसाठी आज्ञावलीकाराला अंकांच्या सांकेतिक भाषेतच लिहावे लागे. अमुक अंक म्हणजे बेरीज, तमुक अंक म्हणजे साठवण, असा तो सारा व्यवहार होता. एक अंक चुकला तरी सारे गणित फसे आणि ती चूक शोधून काढणे अत्यंत जिकिरीचे होई. यंत्राने माणसाच्या सोयीची भाषा स्वीकारावी, हा विचार या त्रासातूनच पुढे आला. मात्र ‘सहज’ भाषा कशाला म्हणावे, याविषयी जाणकारांत प्रारंभापासूनच मतभेद होते.

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोर्ट्रान’ ही भाषा प्रचारात आणली. तीत आज्ञा गणिती सूत्रांसारख्या लिहिता येत. शास्त्रज्ञ व अभियंते यांना ती मानवली. कारण सूत्रे हीच त्यांची रोजची भाषा होती. परंतु पगारपत्रके व मालाचे हिशेब सांभाळणाऱ्यांचे काय? गणितज्ञ ग्रेस हॉपर यांचे म्हणणे असे की, अशा लोकांना चिन्हांपेक्षा शब्दच जवळचे वाटतात. इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. १९५९ मध्ये नेमलेल्या एका समितीने ‘कोबोल’ भाषेची आखणी केली, तीवर ‘फ्लो-मॅटिक’ची दाट छाया आहे. ‘तासांना दराने गुणून पगार काढा’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य कोबोलमध्ये जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येते.

आपल्या प्रयोगाची एक हकीकत हॉपर यांनी १९७८ मध्ये एका परिषदेत सांगितली होती. इंग्रजीऐवजी फ्रेंच व जर्मन शब्द वापरूनही यंत्र तेच काम करते, हे त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना दाखविले. अधिकारी बिथरले, फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन समजणे त्यांना अशक्य वाटले! वस्तुतः यंत्राला इंग्रजीही समजत नव्हते. त्याच्या लेखी प्रत्येक शब्द म्हणजे एका ठरावीक कृतीशी जोडलेली खूण होती, इतकेच.

नेमकी येथेच अडचण उद्‌भवते. वाक्य ओळखीचे दिसले म्हणजे वाचणारा त्याचा ओळखीचा अर्थ लावतो. यंत्र मात्र नियमापलीकडे जात नाही. समजा, एका बँकेच्या आज्ञावलीत असे लिहावयाचे आहे : ‘शिल्लक शून्याहून कमी असेल तर दंड आकारा व पत्र पाठवा.’ जुन्या कोबोलमध्ये ‘तर’ची व्याप्ती पूर्णविरामाने संपत असे. ‘दंड आकारा’ यापुढे चुकून पूर्णविराम पडला, तर दंड योग्य त्याच खातेदारांना होई. पत्र मात्र सर्वांनाच जाई. माणसाच्या नजरेला हा ठिपका सहसा जाणवत नाही. १९८५ च्या प्रमाणित कोबोलमध्ये अशा वाक्याचा शेवट दाखविणारे स्वतंत्र शब्द आले, ते याच कारणाने.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी नैसर्गिक भाषेत आज्ञावली लिहिण्याच्या कल्पनेवरच कठोर टीका केली. ग्रीकांचे गणित शब्दांत व आकृत्यांत अडकून राहिल्यामुळे खुंटले आणि चिन्हांची भाषा आल्यावर गणिताने झेप घेतली, असा त्यांचा दाखला होता. या टीकेत तथ्य आहे. ‘लाल टोपी व सदरा आणा’ असे सांगितले, तर सदराही लालच हवा काय? दुकानदार हा प्रश्न विचारून घेतो. आज्ञावलीत मात्र अशा संदिग्धतेला जागा ठेवून चालत नाही.

मग सहजपणाची आशाच सोडावी काय? तसे नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा रचली. तीत पुढे एका कासवाची भर पडली : आधी जमिनीवर फिरणारे यंत्र आणि नंतर पडद्यावरील एक खूण. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही जोडी चार वेळा दिली की कासव चौरस काढते. त्रिकोण काढताना मुले बहुधा ६० अंश वळण देतात, कारण पुस्तकातला कोन तेवढाच असतो. पण आकृती उघडीच राहते. मग मूल स्वतः उठून त्रिकोणात चालून पाहते. आपण वळतो तो कोन आतला नसून बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा आहे, हे त्याला पायांनी कळते. तीन वेळा १२० किंवा चार वेळा ९०. दोन्हींची बेरीज ३६०, म्हणजे एक पूर्ण फेरी. येथे आज्ञा अगदी काटेकोर आहेत. सहज आहे ते त्यांच्यामागील ज्ञान, कारण चालणे-वळणे मुलाच्या अंगवळणी पडलेले असते.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी केलेल्या ‘व्हिसिकॅल्क’चे रहस्यही हेच. पडद्यावर हिशेबाचा तक्ता दिसे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या रकमा आपोआप बदलत. तक्त्यात सूत्रे मांडणारे हिशेबनीस खरे तर आज्ञावलीच लिहीत होते, पण त्यांना ते हिशेबाचेच काम वाटे.

२०२० नंतरच्या काळात रोजच्या भाषेतील विनंतीवरून आज्ञावली लिहून देणारी साधने प्रचारात आली आहेत. हॉपर यांची इच्छा त्यांनी बऱ्याच अंशी पुरी केली, असे म्हणता येईल. परंतु लाल सदऱ्याचा प्रश्न त्यांनी मिटविलेला नाही. संदिग्ध विनंतीचा एखादा अर्थ यंत्र स्वतःच निवडू शकते, आणि तो आपल्याला अभिप्रेत होता की नाही हे तयार झालेली काटेकोर आज्ञावली तपासल्यावरच उमगते. म्हणून ती वाचू शकणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही. पत्रे सर्व खातेदारांच्या हाती पडण्यापूर्वी तो चुकीचा ठिपका कोणाच्या तरी नजरेस यावा लागतो.