वाघ मोजणारा इंजिनीअर

समजा, तुमच्या कॉलेजच्या कँटीनला एकूण किती जण येतात हे तुम्हाला शोधायचंय. रजिस्टर नाही, टोकन नाही, आणि सगळे एका वेळी येतही नाहीत. मग सोमवारी दारात उभं राहा आणि येणाऱ्या पन्नास जणांच्या हातावर आठवडाभर न पुसला जाणारा शिक्का मारा. गुरुवारी परत जा आणि चाळीस जणांचे हात बघा. त्यातल्या दहा हातांवर शिक्का निघाला, म्हणजे चारात एक. याचा अर्थ तुमचे पन्नास शिक्के हा एकूण गर्दीचा चौथा हिस्सा आहे, आणि उत्तर येतं साधारण दोनशे. यातले एकशेवीस जण तुम्हाला दिसलेच नाहीत, तरी हिशोबात आले.

मासे आणि उंदीर मोजायला शास्त्रज्ञ ही युक्ती फार आधीपासून वापरत होते. पण वाघाला शिक्का कोण मारणार? डॉ. के. उल्हास कारंथ यांच्या लक्षात आलं, की तो मारायची गरजच नाही. वाघ जन्मतःच शिक्का घेऊन येतो. त्याचे पट्टे म्हणजे आपल्या बोटांचे ठसे, दोन वाघांचे कधीच सारखे नसतात.

कारंथ मूळचे कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातले. ज्ञानपीठ मिळालेले कन्नड लेखक शिवराम कारंथ यांचे ते चिरंजीव. जन्म १९४८ चा, शिक्षण सुरतकलच्या कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंग. पुढे त्यांनी काही वर्षं नोकरी केली, शेतीही केली. जंगलाचं वेड लहानपणापासून होतं, पण त्या काळात ‘वाइल्डलाइफ बायोलॉजिस्ट’ नावाची नोकरी असते हे घरच्यांना समजावून सांगायची सोयच नव्हती. (आजही फारशी आहे असं नाही. पाहुण्यांना सांगून बघा.) पस्तिशीच्या पुढे ते पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात मास्टर्स, मग मंगळुरू विद्यापीठाची पीएचडी. पंचविशीत ‘आपलं करिअर चुकलं’ म्हणून झोप उडालेल्यांनी हे वय जरा लक्षात ठेवा.

त्या वेळी आपल्याकडे वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक पाणवठ्याकडच्या वाटा धुंडाळायचे, ठशावर काच ठेवून आकार उतरवून घ्यायचे, आणि अनुभवी अधिकारी सांगायचे, हा वेगळा वाघ, हा तोच. ऐकायला भारी वाटतं. कारंथांनी त्याची परीक्षा घेतली. बंदिस्त असलेल्या चार वाघांचे ठसे त्यांनी जाणकारांसमोर ठेवले आणि विचारलं, किती वाघ आहेत? बरोबर उत्तर कुणालाच देता आलं नाही. माती ओली असली की ठसा पसरतो, चालण्याचा वेग बदलला की आकार बदलतो, आणि पुढचा पाय वेगळा, मागचा वेगळा. शिवाय या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं होतं, की जंगलातल्या प्रत्येक वाघाचा ठसा आपल्याला मिळतोच. तो तसा मिळत नाही. १९८७ पासून कारंथ हे लिहीत होते. कुणाला फारसं आवडलं नाही.

मग त्यांनी पर्याय उभा केला. नागरहोळेच्या जंगलात वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर समोरासमोर दोन कॅमेरे लावले. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. वाघ मधून गेला की दोन्ही बाजूंचे फोटो निघतात. पहिल्यांदा आलेला वाघ म्हणजे शिक्का मारलेला, पुन्हा आला तर शिक्का सापडलेला. बाकी सगळं कँटीनसारखंच, फक्त गणित बरंच अवघड. सगळे वाघ कॅमेऱ्यासमोर सारख्याच वेळा येत नाहीत. मोजणी लांबली तर मधल्या काळात काही मरतात, काही नवे येतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्या साथीने कारंथांनी हे गणित बसवलं. १९९५ आणि १९९८ चे त्यांचे पेपर आले आणि आज जगभरात वाघ, जग्वार, हिमबिबटे याच पद्धतीने मोजले जातात.

आकडा चुकला तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर राजस्थानातलं सरिस्का आठवा. २००४ मध्ये कागदावर तिथे पंधराच्या वर वाघ होते. काही महिन्यांतच कळलं की एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी जंगल रिकामं केलं आणि वहीतले वाघ मात्र आरामात जगत होते. त्या धक्क्यानंतर ठशांची पद्धत सरकारने सोडली. आधीच्या गणनेत देशात साडेतीन हजारांवर वाघ होते, २००६ च्या नव्या अंदाजात आले १,४११. एवढे सगळे वाघ मधल्या काळात मेले असं नाही. आधीचा आकडाच भरवशाचा नव्हता.

२०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज आला, त्यातले महाराष्ट्रात ४४४. आता कॅमेरे आहेत, म्हणजे कारंथ खूश असतील? छे! कॅमेऱ्यातले आकडे आणि बाकी जंगलातल्या खुणा जोडून देशाचा आकडा काढायच्या पद्धतीवर २०१५ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी पुन्हा तुटून पडले. गणना करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं. हा वाद पेपरांमधून चालतो. माझ्या मते तो चालायलाच हवा.

आता आपल्या भावनेचा मुद्दा. २०१६ मध्ये उमरेड-कऱ्हांडलाचा ‘जय’ गायब झाला तेव्हा अख्खा विदर्भ त्याला शोधत होता. वाईट कुणालाही वाटेल. पण १९९१ ते २००० या काळात नागरहोळेत काय दिसलं ते बघा. कॅमेऱ्यांनी ७४ वेगवेगळे वाघ टिपले, आणि दर वर्षी शंभरातले साधारण तेवीस त्या जंगलातून कमी होत होते, काही मरून, काही दुसरीकडे निघून जाऊन. तरी जंगल वाघांनी भरलेलंच राहिलं, कारण पिल्लं येत होती आणि खायला होतं. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात. तो आपल्या टापूतल्या चितळ, सांबर, गव्यांपैकी साधारण दहावा हिस्सा खातो, म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरं हवीत. म्हणून कारंथांच्या कामातला मोठा भाग वाघांचा नाहीच, चितळं मोजण्याचा आहे. पहाटे जंगलात आखलेल्या सरळ रेषेवर गुपचूप चालायचं, जनावर दिसलं की अंतर आणि कोन लिहायचा, पुढे जायचं. हे काम शेकडो स्वयंसेवकांनी केलंय, त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. इन्स्टावर टाकण्यासारखं त्यात काही नसतं. जळवा मात्र असतात.

वर्षानुवर्षं साठवलेल्या फोटोंचे उपयोग नंतर कळतात. २०११ मध्ये शिमोगा जिल्ह्यात शिकारीपूरजवळ एक वाघ पकडला गेला. पट्टे जुळवले तर तो बंदीपूरचा निघाला, अडीचशे किलोमीटरच्या वर चालून आलेला. जप्त केलेलं कातडं कुठल्या जंगलातल्या वाघाचं, हेही असंच शोधता येतं.

आपल्याकडेही ही पद्धत जंगलाबाहेर गेली. डॉ. विद्या अत्रेय यांनी नगर जिल्ह्यात अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखले. शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे निघाले, तेही अभयारण्य नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या शेतीत. बिबट्या ‘जंगलातून चुकून आला’ हे वाक्य त्या अभ्यासानंतर मला तरी लिहायला जड जातं.

यात यायचं असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वाइल्डलाइफ सायन्सचं एम.एस्सी. आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये वाइल्डलाइफ बायोलॉजी अँड कन्झर्व्हेशनचा कोर्स आहे, तो सुरू होण्यात कारंथांच्या संस्थेचा वाटा होता. तोपर्यंत ‘आर’ हे सॉफ्टवेअर शिकायला घ्या. फुकट आहे, हॉस्टेलच्या वायफायवर डाउनलोड होतं. आणि अकरावीचं प्रोबॅबिलिटीचं पुस्तक रद्दीत दिलं असेल, तर ज्युनिअरकडून मागून आणा.