कार्ड इदेया? : आनेकल तालुक्यातल्या एका विमा-काऊंटरचा दिवस

सकाळी 6.30

चंदापुऱ्याच्या चौकात कारखान्यांच्या बसगाड्या उभ्या असतात. कोणी बोम्मसंद्रला, कोणी जिगणीला, कोणी अत्तिबेलेला पहिल्या पाळीवर निघालेलं असतं. आनेकल तालुका म्हणजे बेंगळुरू शहर जिल्ह्याचं दक्षिण टोक. अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडूतलं होसूर. बसच्या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी ऐकू येते, अधूनमधून मराठीही. मी मूळची निपाणीची. इथल्या एका खासगी रुग्णालयात विम्याचा काऊंटर सांभाळते. या रांगेतलं कोणी उद्या आजारी पडलं, तर खर्च कोण उचलणार याचं उत्तर माणसागणिक बदलतं. ते उत्तर शोधण्यात माझा दिवस जातो.

सकाळी 8.00

रात्रपाळीच्या सहकाऱ्याकडून रजिस्टर ताब्यात घेते. रुग्णाच्या नावापुढचा पहिलाच रकाना पैसे भरणाऱ्याचा असतो: ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, यशस्विनी, कंपनीचा ग्रुप विमा, घरची पॉलिसी, रोख. प्रत्येकाचं पोर्टल निराळं, कागदपत्रं निराळी, दरपत्रकही निराळं. अपेंडिक्सचं ऑपरेशन तेच, सर्जन तोच, तरी बिलाचा आकडा रकान्याप्रमाणे बदलतो. या फरकाला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही. रुग्णालयांच्या काऊंटरवरची, टीपीएच्या (विमा कंपन्यांसाठी दावे तपासणाऱ्या संस्थांच्या) कार्यालयांतली, योजनांच्या कचेऱ्यांतली माणसं मिळून तो सांभाळतात. आम्हा सगळ्यांचे पगार शेवटी लोकांनी आजारपणासाठी भरलेल्या पैशातूनच निघतात.

सकाळी 9.30

जिगणीच्या कारखान्यातला एक कामगार पित्ताशयातल्या खड्यांचे रिपोर्ट घेऊन येतो. ईएसआयचा नंबर त्याला तोंडपाठ असतो. त्याचा मूळ कायदा 1948 चा. स्वतंत्र भारतानं कामगाराला दिलेल्या मोठ्या आधारांपैकी एक. पगाराचा 0.75 टक्का तो भरतो, 3.25 टक्के मालक. पण बाहेरच्या रुग्णालयात यायचं तर ईएसआयची रेफरल चिठ्ठी हवी, ती त्याच्याकडे नसते. मी त्याला राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयाची वाट सांगते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे एक खाडा पडणार.

याहून मोठी अडचण पगारमर्यादेची आहे. 2017 मध्ये ती महिना 21,000 रुपये ठरली. पगार त्या रेषेच्या वर गेला की चालू वर्गणीचा काळ संपल्यावर कामगार ईएसआयबाहेर पडतो. पगारात थोडी वाढ झाली म्हणून कुटुंबाचं औषधपाणी सुटावं, हा कुठला न्याय?

सकाळी 11.00

आता आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी गर्दी असते. ‘अण्णा, कार्ड इदेया?’ म्हणजे कार्ड आहे का, हा आमचा पहिला प्रश्न. दुखतंय कुठं, हे त्यानंतर. सर्जापुराकडचे दोन सख्खे भाऊ येतात, एकाचं कार्ड बीपीएल, दुसऱ्याचं एपीएल. पहिल्याच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण. दुसऱ्याला पॅकेजच्या 30 टक्केच मिळणार, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत; उरलेले 70 टक्के खिशातून. दोघांची शेतं एका बांधावर आहेत. ‘अक्का, आमच्यात श्रीमंत कोण?’ असं मोठा विचारतो, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. शिवाय तातडीचा आजार नसेल तर सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते, म्हणून दोघांनाही आधी आनेकलच्या तालुका रुग्णालयात पाठवावं लागतं.

दुपारी 12.30

‘ताई, तुम्ही मराठी का?’ विट्याकडचा गलाई कारागीर असतो. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. बायकोला गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलेलं. ‘केशरी कार्ड हाय आमचं, चालंल न्हवं?’ महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या रहिवाशांना खुली करायचं ठरवलं, 5 लाखांपर्यंत. पण केंद्राच्या यादीत नाव असेल तरच ते संरक्षण परराज्यात उपयोगी पडतं. त्याचं नाव यादीत नसतं. बायकोला घेऊन गावी जा, असं मला माझ्याच भाषेत त्याला सांगावं लागतं.

माझ्या निपाणीच्या सीमाभागात ही गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसते. त्याच वर्षी महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या सीमेवरच्या 865 गावांना आपली योजना लागू करायचं ठरवलं आणि दोन राज्यांत वाद पेटला. आजाऱ्याला खाट आणि औषध मिळण्याशी भाषेचा आणि हद्दीचा संबंध असता कामा नये. तो तुटायचा तर पैसे देणारा देशभर एकच हवा.

दुपारी 2.00

डबा खाताना आमचे एक सर्जन नेहमीचा आक्षेप घेतात. एकच पैसे देणारा झाला तर तो दर पाडेल आणि रांगा लागतील. आक्षेप खोटा नाही. ब्रिटनमध्ये आणि कॅनडात ठरवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी लोक महिनोन्महिने थांबतात. म्हणून दर स्वतंत्र मंडळानं खरा खर्च मोजून ठरवले पाहिजेत, आणि रुग्णालयाला पैसे मुदतीत मिळाले पाहिजेत. पण रांग आपल्याकडेही आहे. ज्याला परवडत नाही तो घरी दुखणं काढत बसतो, आणि ती रांग कुणी मोजत नाही. सगळ्यांची रांग एक झाली की ती लांबली तर शिकलेला, पगारदार, मतदार असा प्रत्येकजण ओरडतो, आणि सरकारला ऐकावं लागतं.

दुपारी 4.00

कॅशलेस डिस्चार्जची वेळ. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मुलाची आई कपडे बदलून सकाळपासून पलंगावर बसून असते. टीपीएकडून क्वेरी आली आहे: रक्तदाब कधीपासून? मग निवासी डॉक्टर वॉर्डमधलं काम सोडून खुलासा लिहितात. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त होतं म्हणून डॉक्टरांची फीसुद्धा त्या प्रमाणात कापली जाते, हे मुलाला आज पहिल्यांदा कळतं. हप्ता त्यानं चुकवलेला नाही. पॉलिसीच्या अटींमध्ये ते लिहिलेलं असतं, आणि आजारपणात अटी वाचत कोण बसतं?

संध्याकाळी 6.00

ओपीडी भरते. रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात, पण बहुतेक योजना नि पॉलिसी भरती झाल्यावरच जाग्या होतात. गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद होतात, आणि मग तोच माणूस पक्षाघात होऊन भरती होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये देशातल्या आरोग्यखर्चाचा 39.4 टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. 2013-14 मध्ये तो 64.2 टक्के होता. सरकारनं हात घातला की भार उतरतो, याचाच हा पुरावा.

संध्याकाळी 7.30

दिवसाचे क्लेम अपलोड करताना यशस्विनीच्या फायली हाती येतात. ही कल्पना याच तालुक्यातल्या बोम्मसंद्रच्या नारायण हृदयालयाचे डॉ. देवी शेट्टी यांची. 2003 मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांनी महिना 5 रुपये भरायचे ठरले आणि पहिल्याच वर्षी सुमारे 16 लाख माणसं आली. लहान रकमा एका मोठ्या गाठोड्यात आल्या की शस्त्रक्रिया परवडते, हे इथल्या शेतकऱ्यांनी सिद्ध केलं. गाठोडी अनेक राहिली, तिथे घात झाला.

तैवानमध्येही कामगारांचा, सरकारी नोकरांचा, शेतकऱ्यांचा विमा वेगवेगळा होता, आणि बरीच जनता कशातच नव्हती. मार्च 1995 मध्ये त्यांनी सगळे एकत्र केले, आणि वर्षअखेरीस 90 टक्क्यांहून अधिक लोक एका विम्यात आले. रुग्णालयं बरीचशी खासगीच राहिली. पैसे देणारा तेवढा एक झाला.

रात्री 9.00

आपल्याकडे ही वाट नवी नाही. पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडू नयेत, असं भोर समितीनं 1946 मध्येच सांगितलं होतं. नियोजन आयोगाच्या डॉ. श्रीनाथ रेड्डी गटानं 2011 मध्ये करांच्या पैशातून सगळ्यांसाठी एकच व्यवस्था सुचवली. 2017 च्या धोरणानं 2025 पर्यंत सरकारी खर्च देशाच्या जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं; 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. साबणावर आणि चपलेवर कर भरणारा मजूर या गाठोड्यात आपला वाटा आजही टाकतो आहे.

म्हणून माझी मागणी अशी. देशात राहणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड, सर्व राज्यांत चालणारं. एपीएल-बीपीएलचा भेद नाही, पगाराची रेषा नाही. एकच दरपत्रक, आणि त्यात ओपीडी व गोळ्याही. ईएसआय, राज्यांच्या योजना, कर्मचाऱ्यांच्या योजना यांचे पैसे एका निधीत यावेत. सुरुवात एखाद्या राज्यानं केली तरी चालेल. असं झालं तर माझ्या काऊंटरचं काम उरणार नाही. ते टिकावं म्हणून एकाही आजाऱ्यानं ताटकळावं असं मला वाटत नाही. रुग्णालयात माणसांना धीर द्यायला आणि वॉर्डात मदतीला हात कमीच पडतात. निवडणुकीला जो कोणी दारात येईल, त्याला योजनेचं नाव विचारू नका. सगळे एका कार्डावर कधी येणार, त्याची तारीख विचारा.