थंब येईना

रेल्वेत पाकीट मारलं गेलं की पैशाचं दुःख दोन दिवसांत ओसरतं. कार्डांचं मात्र पुढं महिनाभर पुरतं. आमचं भोकर हे मुदखेड-आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन. नंदीग्राम असो की कृष्णा एक्स्प्रेस, सणासुदीला जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. निजामाबाद-हैदराबादकडून मजुरी करून परतणाऱ्या माणसाच्या खिशात आधार, मतदान कार्ड, लायसन, एटीएम आणि रेशनकार्डाची झेरॉक्स हे सगळं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं असतं. पिशवी गेली की माणूस आधी ठाण्यात जातो. चोरीला गेलं म्हणावं तर गुन्हा नोंदवण्याचा व्याप. गहाळ झालं म्हणावं तर सही-शिक्क्याचा कागद हातात पडतो. त्यामुळे बरीचशी चोरलेली पाकिटं कागदावर आपोआप पडलेली असतात.

हा कागद लायसनला लागतो, त्याचं काम नांदेडच्या आरटीओचं. मतदान कार्डासाठी आठ नंबरचा फॉर्म भरायचा. आधारला पोलिसांच्या दाखल्याची गरजच नाही, पण लोक तो दाखला लॅमिनेट करून सोबत नेतात. सरकारी शिक्का असलेला कागद घरी ठेवून जायला कुणाचं मन धजत नाही.

सेवा केंद्रातला पोरगा त्या दाखल्याकडं बघतही नाही. तो एकच विचारतो, "मोबाईल लिंक हाय का?" असला तर काम चहा निवायच्या आत होतं. ओटीपी येतो, आधारची फाईल उतरते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढं जन्मसाल. पोरगा तो गिऱ्हाइकाला न विचारताच टाकतो. साल चुकलं तरच विचारतो. तारखेचं कुणी विचारत नाही. आमच्याकडं एका पिढीचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो. पोस्टानं घरी येणारं प्लॅस्टिकचं कार्ड २०२०च्या ऑक्टोबरात ५० रुपयांत सुरू झालं. तरी बाजारात छापलेल्या चकचकीत कार्डाला मागणी जास्त. आधार प्राधिकरणानं जानेवारी २०२२ मध्येच सांगितलं होतं की असल्या कार्डांत सुरक्षेच्या खुणा नसतात, ती करून घेऊ नका. साधा छापील कागदही तितकाच चालतो, हे मात्र गिऱ्हाइकाला पटवणं अवघड.

खरा घोळ लिंक नसलेल्यांचा. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव शाळेत, चावडीत कॅम्प लागले. तेव्हा मोबाईलच्या रकान्यात कुणी पुतण्याचा नंबर दिला, कुणी मास्तरांचा, कुणी रकाना कोराच ठेवला. पुतण्या पुण्याला गेला, सिम बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. म्हणजे आपला ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

अशांना आधार केंद्रावर जावं लागतं. तिथं एका सकाळी भिंतीला टेकून बसलो होतो. कापूस वेचून आलेली एक म्हातारी सुनेसोबत आलेली. कार्ड गेलं, नंबर पाठ नाही, झेरॉक्स नाही. अशा वेळी नाव, स्त्री की पुरुष आणि पिनकोड एवढंच टाकतात, भोकरचा ४३१८०१, आणि वर एक बोट. बोट जुळलं की सापडलं. नावाचं स्पेलिंग त्या काळच्या ऑपरेटरनं काय केलं होतं, हे कोडं वेगळंच.

बोट जुळेना. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या शेंड्यांत इतकी घुसतात की वेचणीच्या दिवसांत रेषा दिसतच नाहीत; त्याआधी सोयाबीन काढताना शेंगांनी सोललेलं असतंच. ऑपरेटरनं पदराला बोट पुसायला लावलं, काच कापडानं पुसली, तिच्या नखावर स्वतःचा अंगठा ठेवून दाबून धरला. लाल. मग मधलं बोट. लाल.

"थंब येईना का लेकरा?"

"येतंय मावशी, डोळ्यावर घेऊ आता. डोळे मोठे करा, पापणी हलवू नका."

"मोतीबिंदूचं आपरेशन झालंय माझं. चालंल का?"

"दुसरा डोळा हाय की."

दुर्बिणीसारखं यंत्र सुनेनं मागून धरलं, म्हातारीनं श्वास रोखला. दुसऱ्या खेपेला हिरवं झालं आणि प्रिंटरमधून कागद सरकू लागला. तिच्यासाठी काम संपलं होतं, ती उठायला लागली. ऑपरेटरनं थांबवलं, "मोबाईल टाकून घ्या आताच."

ह्या कामाला कागदपत्र लागत नाही. माणूस समोर हवा, बोट किंवा डोळा हवा आणि ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी त्याच वर्षी ई-केवायसी आली, ती ओटीपीवर. पीएम किसान, शेतकऱ्याचा नवा ओळख क्रमांक, सगळ्यांच्या दारात तेच चार-सहा आकडे. सुनेनं स्वतःचा नंबर सांगितला. म्हातारी म्हणाली, "पोराचा द्या." सून गप्प बसली. ऑपरेटरनंच विचारलं, "पोरगा घरी असतो का?" पोरगा हैदराबादला. मग सुनेचाच टाकला. माझ्या मते त्या टेबलावरचा हाच सगळ्यात मोलाचा निर्णय होता, आणि तो घेणाऱ्याला त्याचे पैसे कुणी देत नाही.

चोरीला गेलेल्या कार्डाची धास्ती निराळी. नंबर बदलून मिळत नाही. एटीएम बंद करून नवं घेतो तसं इथं नाही. नुसत्या कार्डावर बँकेतले पैसे निघत नाहीत, त्याला बोट लागतं. तरीही बोटांच्या ठशांना ऑनलाइन कुलूप घालता येतं, आपला आधार कुठं कुठं वापरला गेला ते तपासता येतं. १९४७ या नंबरावर फोन करून विचारता येतं. पण ते कुलूप लावायला आणि ती यादी बघायलाही पुन्हा ओटीपीच लागतो. ज्याचा मोबाईल लिंक नाही, त्याची चोरी झाली तर कुलूपही त्याच्या हातात नाही.