पंचेचाळीस अंशांचा फरक

मुळशीत रिह्याच्या बाजूला एखादं बांधकाम चालू दिसलं, तर फिटरचं काम जरा थांबून बघा. फळीवर ठोकलेल्या पिनांमध्ये आठ एमएमची सळई अडकवायची, चावी लावून वळवायची; तीन वाक दिले की कॉलमची चौकोनी रिंग तयार. उरतात तिची दोन टोकं. ती काटकोनात वळवली तर हात भरभर चालतो. आणखी 45 अंश वळवून, म्हणजे 135 अंशांवर, रिंगच्या पोटात नेली तर जोर लागतो, वेळही जातो. लांबून दोन्ही रिंगा सारख्याच. काँक्रीट भरलं की दिसतच नाहीत.

आता गंमत अशी, की भूकंपात कॉलम हेलकावे खातो तेव्हा आधी गळतं ते सळयांबाहेरचं काँक्रीट, साइटच्या भाषेत कव्हर. काटकोनातलं टोक नेमकं त्या कव्हरमध्येच असतं. कव्हर गेलं की टोक मोकळं. रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतल्या काँक्रीटचा भुगा होतो. 135 अंशांचं टोक मात्र गाभ्यात रुतलेलं असतं, ते सुटत नाही. एवढ्याशा वाकावर कॉलमचं उभं राहणं ठरतं! आयएस 13920 हे भारतीय मानक त्या टोकाची लांबीही सांगतं: सळईच्या व्यासाच्या सहापट, पण 65 मिलिमीटरहून कमी नाही. आपल्याकडे कुठला आलाय भूकंप, असं कुणी म्हणेल, तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का पुण्यालाही जाणवला होता.

फिटर बहुतेक उस्तादाच्या हाताखालीच तयार होतो. त्या शाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. हाताचा वेग आणि नजरेचा अंदाज तिथेच येतो. पण बघून शिकता येतं ते दिसणारं. न दिसणाऱ्याचं कारण कुणीतरी सांगावंच लागतं. पुण्यात क्रेडाई या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा ‘कुशल’ उपक्रम कामगारांना साइटवरच प्रशिक्षण देतो. मला ही जागा अगदी योग्य वाटते. वर्गात बसण्यासाठी रोज बुडवणं परवडतं कुणाला?

न दिसणाऱ्या सांध्याचं हे महत्त्व किल्लारीला फार उशिरा कळलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंती दगडी, दोन फुटांहूनही जाड. मग पडल्या कशा? एका भिंतीत खरं तर दोन भिंती होत्या, आतली आणि बाहेरची. मध्ये दगडमातीची भर आणि दोन्हींना सांधणारा आरपार दगड नाही. पुढे अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई यांनी तिथल्या गवंड्यांना उभ्या भिंतीतच असे सांधे घालायला शिकवलं. एकेक दगड हलकेच ढिला करून काढायचा, आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई आत सरकवायची आणि काँक्रीट भरायचं. दगड फोडण्यात हयात घालवलेल्यांना इथे हात आवरायला शिकायचं होतं. कारण घणाचा एक जोराचा घाव बसला, तरी आधीच खिळखिळी झालेली भिंत अंगावर यायची.