मुक्कामी बिघडलेला लॅपटॉप

घरच्या गावी लॅपटॉप बंद पडला म्हणजे माणूस तो उचलून ओळखीच्या दुकानी नेतो, दुकानदार दोन दिवसांचा वायदा करून चार दिवस लावतो, आणि परत आणलेले यंत्र आठवड्याने पुन्हा रुसले तर त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढून, थोडी हुज्जत घालून, ते फुकटात नीट करून घेता येते. ही फिरून जाण्याची सोय आपल्या दुरुस्तीच्या कल्पनेत इतकी मुरलेली आहे की ती आपल्या ध्यानीही येत नाही. परगावी नेमकी तीच नाहीशी होते. म्हणून दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर नवे घ्यावे, हा जो ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो, तो प्रवाशाच्या फारसा उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. त्याने विचारावयाचा प्रश्न निराळा: झालेले काम चोख आहे की नाही, हे मला दुकानाच्या काउंटरपाशी उभा असतानाच कळणार, की गाडी सुटल्यावर महिन्याभराने?

बाजाराची वाट धरण्यापूर्वी मुक्कामाच्या खोलीतच थोडी तपासणी करावी, कारण लॅपटॉप गेला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा केवळ चार्जर गेलेला असतो. चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले असता बोर्डात साचलेला उरलासुरला विद्युतभार निघून जातो, आणि निश्चेष्ट वाटणारे यंत्र कधी कधी तेवढ्यानेच जागे होते. पंख्याचा आवाज येतो पण पडदा काळा, अशी अवस्था असेल तर लॉजच्या भिंतीवरील टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र उमटले तर बोर्ड बहुधा शाबूत असून दोष पॅनेलचा अथवा त्याच्या केबलचा आहे, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. काळ्या पडद्यावर विजेरीचा झोत तिरका टाकल्यावर अंधुक अक्षरे दिसू लागली, तर पडद्यामागचा प्रकाश तेवढा गेला आहे. एवढी माहिती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार निराळ्या स्वरात बोलतो.

पॅनेल, कीबोर्ड, एसएसडी, चार्जर ही कामे काउंटरवरच सिद्ध होणारी आहेत, आणि ती परगावी निःशंक करून घ्यावीत. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड (सरकारी दप्तरात ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे), बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत प्रचलित यंत्रांचे सुटे भाग बहुधा त्याच दिवशी मिळतात. मात्र रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हे प्रवासाचा बेत आखताना विसरू नये. पॅनेलच्या पाठीवर त्याच्या कारखान्याचा क्रमांक छापलेला असतो आणि यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी आतले पॅनेल बहुधा मोजक्या दोन-चार कारखान्यांपैकी एकाचे असते; म्हणून लॅपटॉपच्या मॉडेलऐवजी या क्रमांकावरून आणि केबलच्या ३० किंवा ४० पिनांवरून भाग शोधावा. बसवल्यावर पांढरा, काळा, लाल असे सलग रंग पडद्यावर आणून एखादा ठिपका मेलेला नाही ना, हे तेथेच पाहावे, आणि कीबोर्ड बदलला असेल तर प्रत्येक कळ दाबून मगच पैसे मोजावेत. अलीकडच्या कित्येक यंत्रांत कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी कायमचा जडवलेला असल्यामुळे संपूर्ण झाकणच बदलावे लागते. तसे असल्यास काही शे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड घेऊन प्रवास निभावून न्यावा, हे शहाणपणाचे.

बॅटरीची गोष्ट थोडी संदिग्ध आहे. नव्या बॅटरीची क्षमता विंडोजच्या बॅटरी अहवालात लगेच दिसते खरी, पण हलका माल पहिले काही आठवडे उत्तम चालून मग खचतो. शक्य असल्यास ते काम घरी परतेपर्यंत चार्जरच्या आधाराने पुढे ढकलावे.

बोर्डाचे काम मात्र पूर्णतः काळाने सिद्ध होणारे. चहा किंवा पाणी सांडलेले यंत्र दुकानात स्पिरिटने धुऊन, वाळवून चालूही होते आणि आपण समाधानाने पुढच्या गावी जातो, पण सूक्ष्म जोडांवर धरलेला गंज आपले कार्य सावकाश करीतच राहतो. गेलेल्या ग्राफिक्स चिपला गरम हवेने तापवून जिवंत करण्याचा उद्योगही असाच. उष्णतेने तुटका सांधा तात्पुरता जुळतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा तापून थंड होऊ लागले की पुन्हा उकलतो. कारागीर लबाड असतो असे नव्हे, किंबहुना या बाजारांतील कित्येकांचे हस्तकौशल्य थक्क करणारे आहे. परंतु त्याचे काम टिकते की नाही हे त्यालाही त्या दिवशी ठाऊक नसते, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपण तेथे नसतो. मुक्काम चार दिवसांचा आणि बिघाड बोर्डाचा, असा योग आला तर यंत्र न उघडता मिटून ठेवावे आणि घरच्या कारागिराच्या हवाली करावे.

पक्की पावती मात्र प्रत्येक कामाची घ्यावी. २०२० च्या जुलैपासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे फिर्याद दाखल करण्याची मुभा दिली आहे. दिल्लीत फसलेल्या सोलापूरकराला दिल्लीचे हेलपाटे घालण्याचे कारण उरलेले नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगाची फीही पडत नाही. परंतु ‘बिल कशाला, जीएसटी लागेल’ या युक्तिवादाला जो भुलला, त्याच्या हाती ही मुभा असून नसल्यासारखी.

आता कागदपत्रांचा प्रश्न, जो पुष्कळांना यंत्राहून मोलाचा असतो. सुट्या एसएसडीचे यंत्र असेल तर ती पट्टी काढून स्वस्तातल्या यूएसबी डबीत घालावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. दुरुस्तीला देतानाही ती आपल्याजवळच ठेवली तर पासवर्ड सांगण्याचा संकोच आपोआप टळतो. येथे एक मेख आहे. विंडोजच्या नव्या यंत्रांत ही पट्टी बहुधा कूटबद्ध असते आणि तिची किल्ली मूळ बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला किंवा पट्टी दुसरीकडे जोडली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड त्याच मेलेल्या लॅपटॉपच्या स्मरणात असणारे महाभाग थोडे नाहीत. निघण्यापूर्वी ती किल्ली कागदावर उतरवून पाकिटात ठेवावी. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या, म्हणजे २०२० च्या अखेरीपासूनच्या, लॅपटॉपांत साठवण बोर्डावरच डकवलेली असल्याने हा मार्ग मुळातच बंद आहे. तेथे आधी काढलेल्या प्रतीवाचून गत्यंतर नाही.

नवे घेणेच भाग पडले आणि मुक्काम परदेशी असला, तर किमतीपेक्षा कीबोर्डाकडे आधी पाहावे. जर्मनीत वाय आणि झेड यांनी जागांची अदलाबदल केलेली आढळते, फ्रान्समध्ये क्यूच्या जागी ए येऊन बसतो, आणि जपानी यंत्रावर लिपी बदलण्याच्या जादा कळा असतात. हमी विकत घेतलेल्या देशापुरतीच आहे की भारतातही चालते, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता हमीपत्रात वाचावे. युरोपात परकीय पर्यटकाला निघताना कराचा परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी कागदावर तेथील जकात अधिकाऱ्याचा शिक्का लागतो. आपल्या विमानतळावर १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो. जुना बिघडलेलाही सोबत असणार, म्हणून तो आपण येथूनच नेला होता हे दाखवणारी खरेदीची पावती फोनमध्ये असू द्यावी.

त्या जुन्या यंत्राची बॅटरी फुगून तळ उचलला गेला असेल, तर ते चार्जिंगला लावू नये आणि विमानात तर नेऊच नये, कारण बिघडलेली लिथियम बॅटरी हातातल्या सामानातही चालत नाही आणि पोटातल्या सामानातही नाही. जाणत्या कारागिराकडून ती काढवून घ्यावी, तेथेच ई-कचरा घेणाऱ्या दुकानी जमा करावी, आणि उरलेला लॅपटॉप खुशाल घरी आणावा.